बारा टोपल्या आणि उधारीची वही

सामान्य काळातील सतरावा रविवार, वर्ष ब
पहिले वाचन : २ राजे ४:४२-४४ • शुभवर्तमान : योहान ६:१-१५



आजचे शुभवर्तमान एका अगदी घरगुती प्रश्नाने सुरू होते. प्रभू येशू डोंगरावर बसला आहे, समोरून लोकांचा लोंढा येत आहे, नुसते पुरुषच पाच हजारांच्या घरात आहेत. अशा वेळी येशू फिलिपला विचारतो की या सगळ्यांना जेवू घालायचे तर भाकरी विकत कोठून आणायच्या. आपल्या घरातील माउलीच्या मनात रोज सकाळी हाच प्रश्न असतो. आज काय आणायचे, कोठून आणायचे आणि कशाने आणायचे?

फिलिप हिशेबी माणूस. त्याने लगेच आकडा सांगितला. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक तुकडा येईल. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. संत मत्तयने सांगितलेल्या द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात हाच दर आहे. म्हणजे दोनशे दिवस राबून मिळवलेला पैसा एका जेवणात संपणार आणि तरीही कोणाचे पोट भरणार नाही. फिलिपचा हिशेब बरोबर होता. येशूने त्याला त्याबद्दल दोष दिलेला नाही. तेव्हा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याची देवावर श्रद्धा कमी असते, असे कोणी समजू नये.

मग आंद्रिया एका मुलाला पुढे आणतो. त्याच्याजवळ पाच भाकरी आणि दोन मासळ्या. हा चमत्कार चारही शुभवर्तमानकारांनी सांगितला आहे, पण भाकरी जवाच्या होत्या हे एकटा संत योहान सांगतो. जव हे त्या काळी गरिबाचे धान्य होते. आपल्याकडे नाचणीची भाकरी म्हणावी तसे. मासळीसाठीही योहानाने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तो भाकरीबरोबर तोंडी लावायच्या लहान माशाचा आहे, बहुधा खारवलेल्या किंवा सुकवलेल्या. थोडक्यात, त्या मुलाच्या शिदोरीत भाकरी आणि सुकी मासळी होती. आपल्या किनाऱ्यावरील कोणत्याही घराला ही शिदोरी परकी वाटणार नाही.

आज मला या चमत्काराच्या शेवटच्या भागाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. सगळे पोटभर जेवले. ज्याने पाच भाकरींतून पाच हजारांना जेवू घातले, त्याला उरलेल्या तुकड्यांची काय गरज होती? उद्या पुन्हा चमत्कार करता आला असता. तरीही येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, काही म्हणून फुकट जाऊ नये यासाठी. बारा टोपल्या भरल्या. देवाच्या हाताला कमतरता नाही, पण देव उधळ्या नाही.

हे सारे आजच सांगण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. जुलै संपत आला. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंदीचे. बोटी किनाऱ्याला लागलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, खलाशी घरी बसलेले. ज्यांच्या घरी बोट नाही, जे वाडीत भाजी पिकवतात किंवा कंत्राटी कामावर जातात, त्यांनाही पावसात हातात पैसा कमीच येतो. मासळी नाही म्हणजे बाजारात पैसा नाही, आणि बाजारात पैसा नाही म्हणजे सर्वांचेच हात आखडतात. या दिवसांत गावातील एकच गोष्ट जाड होत जाते, ती म्हणजे वाण्याच्या दुकानातील उधारीची वही.

काही जण म्हणतील, "फादर, देवळात किराणा मालाचे प्रवचन कशाला?" त्याचे उत्तर असे. ही वही नवरा-बायकोत भांडण लावते. या वहीपायी मुलीच्या कानातले गहाण पडते. कुठल्या तरी माउलीने आकडा नवऱ्यापासून लपवलेला असतो, आणि त्याने प्यायला काढलेले कर्ज तिच्यापासून लपवलेले असते. उधारी देता येत नाही म्हणून दुकानाच्या रस्त्याने जायचे टाळणारी माणसे आहेत, आणि काही तर त्याच दुकानदाराशी गाठ पडेल म्हणून मिस्सालाही मागच्या दाराने येतात. ज्या गोष्टीमुळे माणसाची मान खाली जाते, ती गोष्ट वेदीपासून दूर ठेवता येत नाही.

काही गमावू नये

संत योहानाने तुकड्यांबद्दल जे क्रियापद वापरले आहे, तेच क्रियापद त्याच सहाव्या अध्यायात पुढे पुन्हा येते. तेथे येशू स्वतःच्या पित्याची इच्छा सांगतो : पित्याने जे माझ्या हाती दिले आहे, त्यातले मी काहीही गमावू नये. आधी भाकरीचा तुकडा, मग माणूस, आणि दोघांसाठी शब्द एकच. ज्याला भाकरीचा तुकडा फुकट जाणे सहन होत नाही, त्याला माणूस वाया गेलेला कसा सहन होईल? म्हणून ख्रिस्ती माणसाची काटकसर कंजूषपणापेक्षा निराळी असते. कंजूष माणूस तुकडे स्वतःसाठी गोळा करतो. शिष्यांनी गोळा केलेले तुकडे टोपलीत गेले, कोणाच्या खिशात गेले नाहीत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचावा लागतो. त्याने दोन गोष्टींत फरक केला आहे. एक म्हणजे घर चालवण्याची विद्या. ग्रीक भाषेत घराला ओइकोस म्हणतात, आणि इकॉनॉमी हा शब्द तेथूनच आला. दुसरी म्हणजे नुसता पैसा वाढवत राहण्याची विद्या. घराची गरज कोठेतरी पुरी होते, पण पैसा वाढवण्याच्या हव्यासाला शेवट नसतो. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी घर चालवण्याच्या शहाणपणाला विवेक या सद्गुणाचाच एक प्रकार मानले. याचा अर्थ, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जी माउली डब्यातल्या डाळीला पुरवून उरवते, ती एक सद्गुण आचरत असते. आपण तिला "चिकट" म्हणतो, संत थॉमस तिला विवेकी म्हणतील.

गरिबाला महाग पडते

बाजाराची एक रीत मोठी विचित्र आहे. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याला तीच वस्तू महाग पडते. समजा, शंभर मिलिलिटर तेलाची पुडी वीस रुपयांना मिळते आणि लिटरची पिशवी दीडशेला. रोज एक पुडी आणणाऱ्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागते आणि सहाशे रुपये जातात. तेच तीन लिटर एकदम आणणाऱ्याचे साडेचारशे जातात. शाम्पू, चहा, साबणाची पावडर, मसाला, सगळ्यांचे असेच. रोजची पुडी आणणाऱ्या बाईला हे गणित कळत नाही असे नाही. तिला ते आपल्यापेक्षा चांगले कळते. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला तिच्या हातात साडेचारशे रुपये एकदम नसतात.

म्हणून केवळ "काटकसर करा" असे सांगून भागत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली रेरुम नोवारुम या परिपत्रकात कामगाराच्या बचतीबद्दल लिहिले, पण त्याआधी त्याला पुरेशी मजुरी मिळाली पाहिजे असे बजावले. ज्या ताटात वाढायलाच काही नाही, त्या ताटात उरणार काय? आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. त्यांचा विचार शेवटी करू. पण ज्यांच्या घरी थोडेफार येते आणि येताच कोठे जाते ते कळत नाही, अशी आपली बरीच घरे आहेत. पुढील चार गोष्टी त्यांच्यासाठी आहेत.

पहिली गोष्ट, बाजारात जाण्याआधी आपले डबे उघडून पाहा. काय आहे, काय नाही, हे पाहून कागदावर यादी करा आणि यादीत नाही ते त्या दिवशी आणू नका. एकावर एक फुकट म्हणून आणलेली दुसरी वस्तू पडून खराब झाली, तर ती फुकट मिळाली नाही, फुकट गेली.

दुसरी गोष्ट, किंमत पाहू नका, दर पाहा. पाकीट दहाचेच राहते आणि आतला माल मात्र गुपचूप कमी होतो. म्हणून निव्वळ वजन वाचा. नियमानुसार बंद पाकिटावर एका ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती पैसे पडतात तेही छापावे लागते. अक्षरे बारीक असतात, पण शाळेत जाणारी मुले वाचून दाखवू शकतात. त्यांना गणिताचा याहून चांगला धडा मिळणार नाही. पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते, तिच्यात कर धरलेले असतात. तिच्याहून एक रुपयाही जास्त कोणी मागू शकत नाही, कमी मात्र घेऊ शकतो. तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

तिसरी गोष्ट, जे आपल्या हक्काचे आहे ते घ्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली ज्यांचे रेशनकार्ड बसते, त्यांनी आपले धान्य न लाजता उचलावे. नावे नोंदवायची राहिली असतील, लग्न होऊन आलेल्या सुनेचे किंवा नव्या बाळाचे नाव चढवायचे असेल, तर कागदपत्रे घेऊन पॅरिश ऑफिसात या. आपल्यातील जाणकार मंडळी अर्ज भरून देतील. मात्र रेशनचे तांदूळ उचलून ते बाहेर विकणे आणि त्या पैशांत दुसरेच काही आणणे, हे बरे नव्हे. ते धान्य कोणाच्या तरी भुकेसाठी दिलेले आहे.

चौथी गोष्ट पुरुषमंडळींसाठी. घरखर्चाची काटकसर फक्त चुलीपाशी होत नाही. रोज पन्नास रुपये पुडीवर आणि बाटलीवर गेले, तर वर्षाचे अठरा हजार दोनशे पन्नास रुपये होतात. बायकोने चहातली साखर कमी करून ते भरून निघणार नाहीत. समुद्रावरून आल्यावर वाट्याचे पैसे आधी कोणाच्या हाती जातात, यावरून त्या घराचा पावसाळा कसा जाणार हे ठरते.

समुद्राचा शब्बाथ

आपल्या आजी-आजोबांना हे सारे शिकवावे लागले नाही. एप्रिल-मे आला की त्यांची आगोटीची खरेदी सुरू व्हायची. तांदूळ भरून ठेवायचे, कडवे वाल राख लावून ठेवायचे, वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा. अंगणात आणि वाळूत जवळा, बोंबील, वाकट्या, सोडे वाळायचे. पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगलेल्या असायच्या. अलिबागच्या याच कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आपल्या आजीला ते न सांगताच ठाऊक होते. आमसुले उन्हात काळी पडायची. पाऊस लागला की बाजाराला जायची फारशी गरजच राहायची नाही.

निर्गमच्या पुस्तकातील मान्नाची गोष्ट आठवा. लोकांनी दररोज गरजेपुरतेच गोळा करायचे होते. ज्यांनी हावेने उद्यासाठी लपवून ठेवले, त्यांच्या मान्नात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितले, आणि ते मात्र दुसऱ्या दिवशीही चांगले राहिले, कारण सातवा दिवस विश्रांतीचा होता. साठेबाजी आणि बेगमी यांत हाच फरक आहे. हावेने साठवलेल्याला कीड लागते. पुढे येणाऱ्या विश्रांतीच्या दिवसांसाठी ठेवलेले मात्र देवाच्या योजनेत बसते. बंदीचे दोन महिने हा समुद्राचा शब्बाथ आहे. मासळी त्या काळात अंडी घालते, तिला जगू द्यायला हवे. हा शब्बाथ दरवर्षी ठरल्या वेळी येतो. तो अचानक आलेले संकट नाही. मग दरवर्षी आपण रिकाम्या डब्यांनिशी त्याच्यासमोर का उभे राहतो?

उधारी गावात, रोख शहरात

आता थोडे कडू बोलतो. ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात जातील, हातात पैसा येईल, आणि आपल्यातील बरेच जण रिक्षा करून तालुक्याच्या गावी मोठ्या दुकानात जातील. तेथे गारवा आहे, ढकलगाडी आहे, दोन-पाच रुपये स्वस्तही आहे. तेथे आपण रोख मोजतो. आणि जूनमध्ये? जूनमध्ये त्या मोठ्या दुकानात कोणी आपल्याला पाच किलो तांदूळ विश्वासावर देत नाही. तेव्हा आपण गावातल्या वाण्याकडे जातो. गावातील एक दुकानदार, जो आपल्या धर्माचाही नाही, मला एकदा हसत हसत म्हणाला, "फादर, तुमची माणसे चांगली आहेत. पण उधारी गावात आणि रोख शहरात, एवढे त्यांना सांगा." तो हसत होता, पण त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते.

स्वस्त ते घेण्यात पाप नाही. आणि प्रत्येक दुकानदार संत असतो असेही नाही. हलके माप आणि भेसळीचा माल यांवर संदेष्टा आमोस किती कडाडला होता, ते आपण वाचले आहे. माप लहान करणाऱ्यांना आणि गव्हाबरोबर त्यातील भुसकट विकणाऱ्यांना देव विसरणार नाही, असे त्याने बजावले. आपल्यापैकी ज्या बहिणी मासळी किंवा भाजी विकतात, त्यांनीही ते ध्यानात ठेवावे. पण ज्याने आपल्या मुलांना दोन महिने विश्वासावर जेवू घातले, त्याचे देणे बाजूला ठेवून दुसरीकडे दोन रुपये वाचवणे याला बचत म्हणत नाहीत. त्याचे पैसे वापरून केलेली ती खरेदी आहे. संत पौल रोमकरांना सांगतो की प्रीतीखेरीज दुसरे कोणतेही देणे डोक्यावर ठेवू नका. तेव्हा पहिल्या मासळीचा पैसा आला की पहिली फेरी त्याच दुकानाकडे. सगळे फेडता आले नाही तर निदान काही भाग द्या, आणि उरलेले केव्हा देणार ते समोर जाऊन सांगा. रस्ता बदलू नका.

आणखी एक. मोठ्या दुकानात छापील किंमत आपण मुकाट्याने देतो, आणि रस्त्याकडेला शेवग्याच्या शेंगा घेऊन बसलेल्या कातकरी म्हातारीशी पाच रुपयांवरून हुज्जत घालतो. तिच्या टोपलीतून काढलेले पाच रुपये आपल्या टोपलीत आशीर्वाद आणणार नाहीत.

एकट्याने नाही, मिळून

इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणीच्या गावात १८४४ साली अठ्ठावीस माणसे एकत्र आली. त्यांत बरेच विणकर होते. मजुरी तुटपुंजी, दुकानांत भेसळ, आणि उधारीमुळे दुकान बदलायचीही सोय नाही. त्यांनी आठवड्याला काही पेन्स असे साठवत माणशी एक पौंड जमवला आणि २१ डिसेंबरला स्वतःचे छोटे दुकान उघडले. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओट आणि मेणबत्त्या. नियम साधे : माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोख, आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यालाच परत. जगभरातील सहकारी ग्राहक भांडारे त्या दुकानाची लेकरे आहेत. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ साली सुरू केलेले अपना बाजार त्याच घराण्यातले. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवायच हे काम केले. शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, माल घाऊक घ्यायचा, आणि तो आला की सभासदांनी एकमेकांच्या मदतीने आपापला वाटून न्यायचा. वसईतील आपल्या ख्रिस्ती बांधवांनी मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ साली सहकारी पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. यांतील कोणाकडेही सुरुवातीला मोठे भांडवल नव्हते. एकमेकांवर विश्वास होता आणि हिशेब उघडा होता.

आपल्यालाही हे जमण्यासारखे आहे. माझी सूचना अशी. प्रत्येक वाडीतील लहान ख्रिस्ती समूहाने दहा-दहा घरांचा एक गट करावा. बोटी सुरू झाल्या की ऑगस्टपासून प्रत्येक घराने आठवड्याला शंभर रुपये बाजूला काढावेत. ज्याला शंभर जमत नाहीत त्याने पन्नास. पैसे कोणाच्या घरी ठेवायचे नाहीत, महिला बचत गटाच्या बँक खात्यात भरायचे आणि दर महिन्याला आकडा सर्वांना वाचून दाखवायचा. छत्तीस आठवड्यांत एका घराचे तीन हजार सहाशे होतात, दहा घरांचे छत्तीस हजार. मे महिन्यात त्यातून दहा घरांची आगोट एकदम भरायची : तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर. आधी आपल्या गावातील दुकानदारालाच भाव विचारायचा. दहा घरांचा रोखीचा माल एकदम जात असेल तर तोही भाव कमी करील, आणि त्याचेही जूनमधले ओझे हलके होईल. मालाचे माप सर्वांसमोर करायचे.

आणि आता त्या घरांविषयी, ज्यांच्याकडे पन्नास रुपयेही निघत नाहीत. एकटी राहणारी म्हातारी, समुद्रात गेलेल्या खलाशाची विधवा, अंथरुणाला खिळलेला बाप. दहा घरांच्या प्रत्येक गटाने अकरावे घर आपले मानावे. मिझोराममधील ख्रिस्ती बायका १९१० पासून एक रीत पाळत आल्या आहेत. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातील एक मूठ बाजूला ठेवायची आणि जमलेले तांदूळ ख्रिस्तसभेच्या कामाला द्यायचे. घरातल्या कोणाचेही पोट त्या एका मुठीने उपाशी राहत नाही. आपणही तसे करू. दहा घरांची रोजची एकेक मूठ मिळून अकराव्या घराची चूल पेटू शकते. पुढच्या रविवारपासून वेदीसमोर एक टोपली ठेवलेली असेल. तिच्यात काय पडले आणि ते कोणाकडे गेले, याची नावे वाचली जाणार नाहीत.

पोप फ्रान्सिस यांनी आपल्याला वारंवार सांगितले की टाकून दिलेले अन्न हे गरिबाच्या पानातून चोरलेले असते. लग्नाच्या आणि सणाच्या जेवणानंतर आपल्या हॉलमागे जे पडलेले असते, ते पाहून हे शब्द आठवावेत. तेथेही बारा टोपल्या लागतील. यापुढे हॉल भाड्याने घेणाऱ्यांनी उरलेले अन्न वेळेवर कोणाकडे पोचवायचे हे आधीच सांगावे, अशी विनंती आहे.

आजच्या पहिल्या वाचनात अलीशाचा सेवक वीस भाकरी पाहून म्हणतो की या शंभर माणसांना कशा पुरणार. शुभवर्तमानात आंद्रिया पाच भाकरी पाहून तेच म्हणतो. आपल्या घरातही महिनाअखेरीस हाच प्रश्न असतो. दोन्ही वेळी देवाने भाकरी नसलेल्या हवेतून काढल्या नाहीत. कोणीतरी आपल्याजवळचे थोडे आधी पुढे केले, आणि उरले ते कोणीतरी वाकून वेचले. त्या मुलाने आपली शिदोरी लपवून ठेवली असती, तर त्या दिवशी एकटा तोच जेवला असता.

आज मिस्सात आपण भाकर आणि द्राक्षरस अर्पण करू तेव्हा त्यांच्याबरोबर आपली यादी, आपली वही आणि आपली काळजीही वेदीवर ठेवू या. ख्रिस्तशरीराचा एक कणही खाली पडू नये म्हणून आपण जपतो. तेवढ्याच काळजीने घरातील भाकरीचा कण जपू, आणि शेजारचा माणूसही.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू भुकेल्यांना जेवू घातलेस आणि उरलेले तुकडे गोळा करायला लावलेस. आमच्या घरांना गरजेपुरते दे, आणि जे दिले आहेस ते नीट वापरण्याचा विवेक दे. ज्यांचे देणे आहे त्यांच्याकडे मान वर करून जाण्याचे बळ दे. समुद्रावर जाणाऱ्या आमच्या बांधवांना सुखरूप परत आण. आमच्यातील कोणीही, कशापायीही, वाया जाऊ नये. आमेन.

गट करण्यासंबंधीची बैठक पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये होईल. प्रत्येक वाडीतून निदान दोन बहिणी आणि दोन पुरुष यावेत. येताना मागच्या महिन्याची किराण्याची यादी बरोबर आणावी.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू